पाणी यीना

मार्गशीर्ष निम्मा सरला आणि पंचगंगेचं पाणी खाली बसलं, तशी जलपर्णी दाटली. वरच्या अंगानं तिचे हिरवे गठ्ठेच्या गठ्ठे वाहत यायचे आणि कुरणवाडीच्या घाटावर येऊन अडायचे. सकाळची पहिली खेप निघायच्या आधी केरबा आणि झुंबरबाई दोघं मिळून बांबूनं ते गठ्ठे रेटायची, नावेपुरती वाट करायची. दुपारपर्यंत ती वाट पुन्हा बुजायची.

नाव लोखंडी होती, वीस-बावीस माणसं मावतील एवढी. मागच्या अंगाला, सुकाणूच्या जवळ, लाकडी खोक्याखाली डिझेलचं इंजिन. पल्याड गावची निम्मी मळी होती, वांगी, हरभरा, ऊस. पुलावरून जायचं तर पंधरा किलोमीटरचा वळसा आणि नावेतनं दहा मिनिटं. तण भांगलायला जाणाऱ्या बायका, दुधाच्या किटल्या, खताची पोती, एखादं करडू, सगळं केरबाच्या नावेतनं जायचं. तेवीस वर्षं तो मागं सुकाणूवर उभा होता आणि झुंबरबाई पुढं बांबू घेऊन. मध्ये इंजिन आणि सगळं गाव घेऊन नवरा-बायकोनं निम्मा संसार असाच केला होता.

त्या बुधवारी नावेत अकरा बायका होत्या, आणि पल्याडच्या गोठ्यावर धारा काढायला निघालेला दादासो चौगुले, दोन रिकाम्या किटल्या घेऊन केरबाच्या शेजारी उभा.

नाव मधल्या धारेत आली आणि झुंबरबाईला काहीतरी चुकल्यासारखं झालं. नावेच्या उजव्या अंगाला एक नळी होती. तळातल्या जाळीतून नदीचं पाणी आत ओढलं जायचं, इंजिनातून फिरून त्याची आग घेऊन यायचं आणि त्या नळीतून भकाभक बाहेर पडायचं. तो आवाज तिच्या कानात इतका मुरला होता की तो असताना तिला जाणवत नसे. आता तो नव्हता म्हणून जाणवला. नुसता कोरडा फडफडाट येत होता.

तिनं वळून बघितलं. नळीच्या तोंडातून थेंब पडत नव्हता. पांढरी वाफ तेवढी निघत होती.

"अवो! पाणी यीना!"

केरबाची नजर पल्याडच्या काठावर होती. त्यानं मान वळवली नाही.

"पाणी यीना म्हणतोय न्हवं! बंद करा!"

तिनं बांबू नावेच्या पत्र्यावर आपटला. बायकांनी दचकून पाय वर घेतले. केरबा हलला नाही. शेवटी दादासोनं त्याचा दंड धरून गदागदा हलवला, तेव्हा त्यानं खाली बघितलं. खोक्याच्या फटीतून धूर येत होता आणि रबर जळाल्याचा वास नाकात बसत होता.

त्यानं इंजिन बंद केलं. दादासोनं घाईनं किटली नदीत बुडवली.

"वतू नको!" केरबा ओरडला. "गार पाणी पडलं तर डोकं तडकंल त्याचं!"

पण घाई त्यालाही झाली. वरच्या नळीचा जोड त्यानं फडकं धरून ढिला केला आणि आत कोंडलेली वाफ फस्सकन त्याच्या डाव्या हातावर आली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी बघता बघता लाल झाली. त्यानं दात आवळले. 

इंजिन थांबलं तशी नाव धारेच्या हवाली झाली.  बायकांतली एक सहा महिन्यांची पोटुशी होती, ती पोटावर दोन्ही हात धरून बसली. झुंबरबाईनं बांबू सोडला, तळ लागेना. पुन्हा सोडला, लागेना. तिसऱ्या वेळी टोक चिखलात रुतलं. मग सगळं अंग बांबूवर घालून तिनं नाव इंचाइंचानं काठाकडं रेटली. अर्धा मैल खाली, नुसत्या गाळात, नाव लागली. लुगडी-साड्या गुडघ्याच्या वर धरून बायका उतरल्या. एक घसरून बसलीच.

जाता जाता कुणीतरी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललं, "झोपला व्हता का काय म्हातारा?"

केरबा ओलं फडकं हातावर धरून तिच्याकडंच बघत होता. तो हसला आणि म्हणाला, "व्हय व्हय. जपून जा गं, बायांनो."

झुंबरबाईनं ते हसणं बघितलं आणि तिच्या काळजात काहीतरी खटकलं.

नाव दोरानं ओढत घाटावर आणेपर्यंत दुपार झाली. दवाखान्यात नर्सबाईनं हाताला मलम लावलं, पट्टी बांधली आणि आठ दिवस हात पाण्यात घालायचा नाही म्हणून बजावलं. संध्याकाळी सरपंच क्रांती स्कूटीवरून आली. तिशीतली बाई, कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहून शिकलेली, केरबाला मामा म्हणणारी. ती उंबऱ्यापाशीच उभी राहिली.

"मामा, लोकं बोलाय लागल्यात. मलाबी सदस्यांना उत्तर द्याय लागतंय. सोमवारी त्यांना घेऊन घाटावर येतो. नाव चालवून दाखवा. न्हायतर ठेका दुसऱ्या कुणालातरी द्यायचा म्हणत्यात."

"व्हय व्हय," केरबा म्हणाला.

ती गेल्यावर तो झुंबरबाईला म्हणाला, "भली पोर हाय. हाताची चौकशी करायला एवढ्या लांब आली."

झुंबरबाई चुलीपुढं होती. ती उठली. केरबा दाराकडं तोंड करून बसला होता. ती त्याच्या पाठीमागं चार पावलांवर जाऊन उभी राहिली.

"ऐकलासा का?"

तो बाहेर बघत होता.

"चा घेतासा?" ती जरा मोठ्यानं म्हणाली.

त्यानं पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं.

मग झुंबरबाई अडतीस वर्षांच्या संसारात कधी बोलली नव्हती ते बोलली. "तुमी मला लई आवडतासा." आणि बोलून स्वतःच दचकून दाराकडं बघू लागली, कुणी ऐकलं तर नाही म्हणून. कुणीच ऐकलं नव्हतं. केरबानंही नाही.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कागलच्या कारखान्यात असलेल्या धैर्यशीलचा फोन आला की केरबा पावसाळ्यापासून फोन तिच्या हातात देत होता, "तूच बोल" म्हणत होता. बाप-लेकांचं काहीतरी बिनसलंय असं धरून ती चालली होती. मनातल्या मनात दोनदा पोराला दोष पण देऊन झाला होता.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. म्हातारा आधीच भाजलेला होता.

गुरुवारी सकाळी दोघं घाटावर गेली. केरबाला पाण्यात उतरायची मनाई, म्हणून झुंबरबाईनं पदर खोचला आणि ती छातीइतक्या पाण्यात उतरली. पाणी असं गार की श्वास वरच्या वर राहिला. केरबा वरून वाकून हातानं दाखवत होता.

"अजून आत. हां, तितंच. हाताला काय लागतंय?"

"केस लागल्यागत लागतंय!"

जलपर्णीची मुळं होती ती. जाळीच्या छिद्राछिद्रातून काळ्या जटा आत गेल्या होत्या. तिनं बोटांनी पिळे घालून घालून त्या ओढून काढल्या. दोन पाट्या भरल्या. वर आली तेव्हा तिची नखं निळी पडली होती. केरबानं डोक्याचा पटका सोडून तिच्या अंगावर टाकला आणि एका हातानं तिचे तळवे चोळत बसला.

मग त्यानं पंप उघडला. एक हात त्याचा, एक हात तिचा, पाना दोघांचा. आत रबराची चक्री होती, सहा पाकळ्यांची. तिनं फिरून पाणी पुढं ढकलायचं. जाळी बुजली, पाणी आलं नाही आणि चक्री कोरडीच फिरत राहिली. सहातल्या तीन पाकळ्या शिल्लक होत्या, त्याही करपलेल्या. केरबानं इंजिनातलं ऑइल काडीनं बघितलं. पाणी मिसळलं असतं तर ते दुधाळ झालं असतं. ते काळंच होतं. त्याला जरा बरं वाटलं.

"शाहूपुरीत मिळंल चक्री. जातो मी."

"तुमी नगं," झुंबरबाई त्याच्या तोंडापुढं येऊन म्हणाली. "हाताला धूळ लागंल. मी जातो."

हाताचं निमित्त होतं. कोल्हापूरच्या गर्दीत मागून येणारा हॉर्न त्याला कळणार नाही, हे तिच्या मनात होतं.

एसटीनं ती गेली. शाहूपुरीत चार दुकानं फिरल्यावर पाचव्या दुकानात सम्मेद नावाचा चष्म्याचा गडी भेटला. त्यानं रुमालातली चक्री हातावर घेऊन फिरवून बघितली.

"मावशी, नावेचं इंजिन का?"

"व्हय."

"तसलीच देतो. पर ह्याच्या तीन पाकळ्या कुठं गेल्या?"

"जळाल्या असतील की."

"रबर असं जळून नाहीसं होत न्हाय, मावशी. तुटून पुढं नळीत जातंय आणि अडचणीच्या जागी जाऊन बसतंय. ते तीन तुकडं काढल्याबिगार नवी चक्री घालू नका. पाणी येईल, पर पुरेसं येणार न्हाय. इंजिन परत तापंल. मेस्त्रीला सांगा."

"मेस्त्री घरचाच हाय," झुंबरबाई म्हणाली.

उन्हं कलताना ती थेट घाटावर आली. केरबा नट रॉकेलमध्ये धूत बसला होता. नवी चक्री बघून त्याचा चेहरा उजळला. सम्मेदनं सांगितलेलं सगळं तिनं घाईघाईनं सांगितलं, त्याच्या तोंडापुढं जायचं ध्यानात राहिलं नाही. शेजारी कुणाचातरी ट्रॅक्टर धडधडत उभा होता. केरबा चक्री फिरवत मान हलवत होता. "व्हय व्हय," म्हणत होता.

शुक्रवारी सकाळी ती डबा घेऊन पोचली तेव्हा चक्री बसवून झाली होती. केरबानं हँडल मारलं, इंजिन धडाडलं आणि उजव्या नळीतून पाणी आलं. धुणं धुणाऱ्या बायकांनी हात थांबवून बघितलं. केरबा पोरासारखा हसला. पण झुंबरबाईचं लक्ष धारेवर होतं. धार मनगटाएवढी असायची, ती करंगळीएवढीच होती. दहा मिनिटांत तिला वाफ सुटायला लागली. केरबानं इंजिनाच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. इंजिन बंद करून तो खाली बसला.

"डोकं गेलं त्याचं," तो म्हणाला. "आता भंगारात."

"तुकडं काढलासा का?"

"कसलं तुकडं?"

"काल एवढं सांगितलं ते काय वाऱ्याला सांगितलं व्हय? दुकानदार काय म्हणाला? पुढं नळीत तुकडं अडकल्यात, ती आधी काढा म्हणाला! आणि तुमी मान हलवत बसलासा! मी शेराला जाऊन, दुकानं हिंडून..."

बोलता बोलता ती थांबली. केरबा तिच्या डोळ्यांकडं बघत नव्हता. तिच्या तोंडाकडं बघत होता. ओठ कसे हलतात ते बघत होता, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा, घाबरून.

ती उठली आणि त्याच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

केरबानं खाली बघितलं. हातातलं फडकं उलगडलं, परत घडी घातली.

"पावसाळ्यापासनं. आधी डाव्या कानात किडं किरकिरल्यागत व्हायचं. मग माणसं पाण्याखालनं बोलल्यागत. आता जवळ येऊन, तोंड दिसलं तर कळतंय."

"मग इंजिन कसं चालवलासा एवढं दिवस?"

"इंजिन कळतंय गं मला. तळपायातनं कळतंय. एक ठोका चुकला तर टाचंला समजतंय. मला वाटलं, ह्यावर निभंल." त्यानं नळीकडं बोट केलं. "पर पाणी काय पायातनं कळत न्हाय. ते कानानंच ऐकाय लागतंय."

"मला सांगायचं की वो."

"सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. रोज पुढं उभं राहून रोज मागं बघितलं असतंस." त्याचा आवाज बारीक झाला. "अकरा जणी हुत्या नावंत, झुंबर. ती पोटुशी पोर हुती. तीन दिस झालं, डोळं झाकलं की तिचं पोटावरचं हातच दिसत्यात मला."

झुंबरबाईनं त्याचा चांगला हात हातात घेतला. घाटावर माणसं होती, पण तिनं घेतला. मग तिनं ओल्या वाळूवर बोटानं नळी काढली, पंप काढला, इंजिन काढलं. तीन ठिपके दिले. सम्मेदचं बोलणं आणि क्रांती सोमवारचं काय म्हणून गेली ते एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं. केरबा वाकून बघत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं मान हलवली नाही. "म्हंजे पंपाच्या म्होरचं सगळं खोलायचं," एवढंच म्हणाला. तेव्हा तिला कळलं की आता त्याला खरंच कळलंय.

शनिवारी उजाडल्यापासून दोघं त्या कामाला लागली. पंपापुढचं कोपऱ्याचं वळण सोडल्याबरोबर पहिला तुकडा आपोआप तिच्या हातात पडला. दुसरा सरळ नळीत होता. झुंबरबाईनं नळीला तोंड लावून फुंकलं, तोंडात गंज आणि गाळ आला, ती थुंकली, पुन्हा फुंकलं. मग केरबानं सायकलच्या चाकातल्या तारेचं टोक वाकवून आकडा केला आणि तुकडा ओढून काढला. तिसरा मात्र मिळेना. नळ्या सगळ्या आरपार दिसत होत्या. म्हणजे तो इंजिनाच्या अंगात शिरला होता.

"आता डोकं उघडाय लागणार," केरबा कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "नवं पॅकिंग पायजे, मोठा मेस्त्री पायजे. चार दिस तरी जातील."

आणि सोमवार परवावर आला होता.

 झुंबरबाई म्हणाली, "तुमी वरनं पाणी सोडा. हळूहळू."

"आन् काय करायचं?"

 तिनं पदर डोक्यावरून मागं सारला आणि इंजिनाच्या गार लोखंडाला कान लावला. केरबा तांब्यानं वरच्या तोंडातून पाणी ओतू लागला. पाणी आत शिरलेलं तिला ऐकू येत होतं. झुळझुळ खाली जायचं, फिरायचं. ती कान सरकवत गेली, वीतभर, पुन्हा वीतभर. गालाला काजळी लागली. मागच्या अंगाला एका जागी आवाज बदलला. तिथं पाणी सरळ जात नव्हतं, अडून गुळगुळत होतं.

तिनं केरबाचं बोट धरलं आणि लोखंडावर टेकवलं. "हितं."

तिथं दोन बोल्टांचं एक लहान झाकण होतं. तेवीस वर्षांत ते कुणी उघडलं नव्हतं. बोल्ट गंजून बसले होते. रॉकेल सोडून, ठोकून, पान्याला पाईप लावून, दोघांनी जोर केला तेव्हा ते कुरकुरत फिरले. झाकणाआड नदीचा गाळ लोण्यासारखा थापला होता, आणि गाळात तिसरी पाकळी उभी रुतली होती. केरबानं ती काढली, पाण्यात धुतली, फुटक्या चक्रीला तिन्ही तुकडे लावून बघितले. नीट बसले. मग तो त्या भोकातून दोन मुठी गाळ काढून म्हणाला, "एवढं पोटात घिऊन चालत हुतं बिचारं."

संध्याकाळी धैर्यशीलचा फोन आला. झुंबरबाईनं या वेळी केरबाला समोर बसवलं आणि पोराचं एकेक वाक्य त्याच्याकडं तोंड करून पुन्हा म्हणत गेली. मग केरबाच्या कानाचं सगळं तिनं धैर्यशीलला सांगितलं.

"तो म्हणतोय, आबांना सांग, सोमवारी पंचायतीपुढं कानाचं काय बोलू नका. नाव नीट चालली की झालं. बोललं तर नाव जाईल."

केरबानं ऐकलं. "जेवला का विचार त्याला," एवढंच तो म्हणाला.

रविवारी दोन तास नाव रिकामीच चालवली. मनगटाएवढी धार नळीतून पडत होती. केरबानं इंजिनावर तळवा ठेवला आणि ठेवूनच राहिला. तान्ह्या वासराच्या अंगाएवढंच ते ऊन होतं.

सोमवारी नऊ वाजता क्रांती तीन सदस्यांना घेऊन आली. दादासो होता, भांगलणीच्या बायका होत्या. नाव पल्याड जाऊन आली, कुठं काही अडलं नाही. उतरल्यावर एक सदस्य, पांढऱ्या टोपीचा हंबीरराव, म्हणाला, "नाव चालतीया. तक्रार नावंची न्हाय. बुधवारी दहादा हाका मारल्या तरी हे बघत नव्हते, त्याचं काय?"

क्रांतीनं केरबाकडं बघून काहीतरी विचारलं. वारा होता, तिनं ओढणी तोंडावर धरली होती. झुंबरबाईनं त्याच्या वतीनं बोलायला तोंड उघडलं. केरबानं हात वर करून तिला थांबवलं.

"क्रांती, तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं न्हाय," तो म्हणाला. "बुधवारी हिनं हाका मारल्या त्याबी ऐकू आल्या न्हाईत. मी झोपलो नव्हतो. मला कमी ऐकू येतंय. पावसाळ्यापासनं. लपवून ठेवलं, ती माझी चूक."

 केरबानं इंजिनाचं हँडल काढलं आणि क्रांतीपुढं धरलं.

"तुमची माणसं बसत्यात माझ्या नावंत. तुमी ठरवा."

क्रांतीनं हँडल घेतलं. ते जड होतं आणि वंगणानं माखलेलं. ते कसं धरावं हेच तिला कळेना. ओढणीला डाग पडला.

बायकांतून ती पोटुशी पोर पुढं आली, वर्षाराणी. बुधवारी झोपला म्हणणारी दुसरीच होती, ती मागं मान खाली घालून उभी होती. वर्षाराणी म्हणाली, "मामा न्हाईत ऐकत तर मामी ऐकत्यात की. त्या दिवशी पयल्यांदा कुणी वरडलं? त्यांना बसवा इंजिनापाशी."

"आणि पुढं बांबू कोण धरणार?" हंबीररावांनी विचारलं.

"सकाळच्या खेपंला मी धरतो," दादासो म्हणाला. "नायतरी किटल्या घेऊन नुसता उभाच असतोय."

"आणि दुपारच्या खेपंला?"

"धरतो आम्ही कुणीतरी," वर्षाराणी म्हणाली. "हात हाईत की आम्हाला."

 मग क्रांती केरबाच्या समोर आली, ओढणी तोंडावरून काढली आणि सावकाश म्हणाली, "मामा, मामी इंजिनापाशी बसणार. एक थाप मारली की हळू करायचं, दोन मारल्या की बंद. आणि गुरुवारी मी तुम्हाला कोल्हापूरला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन जातो. यायचं."

"येतो."

"पावसाळ्यात पाणी चढल्यावर हे चालणार न्हाय," हंबीरराव म्हणाले. "आत्ताच सांगून ठेवतो."

"पावसाळ्याचं पावसाळ्यात बघू," क्रांती म्हणाली आणि हँडल तिनं झुंबरबाईच्या हातात दिलं.

मंगळवारी पहिल्या खेपेला नावेत चौदा बायका बसल्या. बुधवारी तोंड टाकलेल्या बाईनं चढताना केरबाच्या हाताची पट्टी बघितली आणि पिशवीतली चार वांगी काढून झुंबरबाईच्या ओटीत घालून पुढं जाऊन बसली.

झुंबरबाई इंजिनाच्या खोक्याशेजारी पाटावर बसली, केरबाकडं तोंड करून. तेवीस वर्षं तिनं पुढचं पाणी बघितलं होतं. सुकाणू धरताना केरबाची जीभ दातात येते, वळणावर तो उजवी भिवई उचलतो, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. दादासो पुढं बांबूनं जलपर्णी रेटत होता. त्याला ते नीट जमत नव्हतं आणि बायका त्याला शिकवत होत्या.

मधल्या धारेत आल्यावर केरबा वाकला.

"येतोय का आवाज पाण्याचा?"

"येतोय."

"कसा येतोय?"

झुंबरबाईला सांगता येईना. रोजचं ते, कुणी कधी विचारलं नव्हतं. तिनं नीट कान दिला.

"धैर्यशील ल्हान असताना," ती ओठ मोठे हलवत म्हणाली, "नळाखाली बसून तोंडात पाणी घ्यायचा आणि फुर्रर्र करून उडवायचा. ध्यानात हाय? तसं. मधीच खोकतंय, परत उडवतंय."

केरबानं डोळे बारीक केले. चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"आन् त्या बायका काय बोलत्यात?"

"आपल्याबद्दल."

"काय?"

"न्हाय सांगत."

"सांग की."

तिनं मागं वळून बघितलं, मग त्याच्याकडं. "म्हणत्यात, आज नवरा-बायको जवळ बसल्यात, नाव सरळ जाती का बघूया."

केरबा हसला. केवढ्यानं हसला ते त्याला कळलं नाही. सगळी नाव त्याच्याकडं बघायला लागली, दादासोचा बांबू हवेतच राहिला आणि जलपर्णीचा एक गठ्ठा थेट समोर आला.

"पुढं बघा की वो!" झुंबरबाईनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

केरबानं इंजिन हळू केलं.